बूटलोडरमध्ये फाइलसिस्टम खात्रीने कशी ओळखायची? सल्ला हवाय

कोरासेक्टर: स्वतःचा छोटा बूटलोडर (संगणक सुरू होताना सिस्टम चढवणारा प्रोग्राम) लिहितोय. पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) फाइलसिस्टम, म्हणजे फाइली ठेवायची पद्धत, ईएक्सटी४ आहे की फॅट३२, एवढंच कळलं पाहिजे. त्या कोडला जागा फक्त ४ केबी. आत्ता पार्टिशन टेबलातला टाइप बघतो पण भरवसा वाटत नाही.

रात्रपाळी: ग्रब हा तयार बूटलोडर टाका की सरळ. मी वर्षानुवर्षं तेच वापरतोय, कधी त्रास नाही.

कोरासेक्टर: ४ केबी म्हणालो ना वर.

डिस्कवेडा: टाइपचं काही खरं नाही, ०७ हा कोड एनटीएफएस फाइलसिस्टमलाही असतो आणि एक्सफॅटलाही. मॅजिक, म्हणजे फाइलसिस्टमची ठरलेली खूण, वाच. ईएक्सटी असेल तर पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०८० बाइट पुढे ५३ ईएफ (हेक्समध्ये), फॅट असेल तर ५१० वर ५५ एए. झालं.

जुनाखोड: ५५ एए म्हणजे फॅट हे कुठून आणलंत? एमबीआरलाही (डिस्कच्या सुरुवातीच्या बूट भागालाही) तेच असतं, एनटीएफएसलाही तेच. ८२ वर "फॅट३२" अशी अक्षरं असतात तीही नुसती नावापुरती, खरा प्रकार क्लस्टर (फाइलींना जागा द्यायचे गट) मोजूनच ठरतो, ४०८५ पेक्षा कमी तर फॅट१२, ६५५२५ पेक्षा कमी तर फॅट१६, त्यापुढे सगळं फॅट३२. आणि कोडमध्ये "सेक्टर (डिस्क वाचायचं एकक) २ वाच" असं लिहू नका, ४०९६ बाइटच्या सेक्टरची डिस्क आली की चुकतंच, हिशोब बाइटमध्ये ठेवा.

रात्रपाळी: बीटीआरएफएस फाइलसिस्टम घ्या, बाकी सगळं जुनं झालं.

जुनाखोड: त्याने फॅट३२ विचारलंय.

पेनड्राइव्ह: माझं कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं तर जुन्या ईएक्सटी४चं मॅजिक तसंच राहिलं होतं, दोन्ही तपासण्या पास आणि लोडरने नको तीच निवडली, अख्खी रात्र गेली माझी. आधी जुन्या खुणा पुसणारं वाइपएफएस चालवा, आणि दोन्ही जुळलं तर अंदाज न लावता थांबा.

नवाकर्नल: मॅजिक बरोबर असूनही माझं अडलं. ई२एफएसप्रॉग्स (ईएक्सटी४ फॉरमॅट करायची साधनं) १.४७.० पासून फॉरमॅट करताना नवे फीचर आपोआप चालू होतात, माझ्या लोडरला त्यातलं एक वाचताच येत नव्हतं. ११२० वरचे इनकॉम्पॅट फ्लॅग (हे फीचर कळत नसेल तर वाचू नका असं सांगणारे बिट) बघा, अनोळखी बिट दिसला की नाही म्हणा.

डिस्कवेडा: मी म्हटलंच होतं, १०८० वर ५३ ईएफ.

कोरासेक्टर: सगळं वाचलं, आभार. मी ओळखायचं कामच लोडरमधून काढतोय. इन्स्टॉल करतानाच कोणती फाइलसिस्टम ते लोडरमध्ये लिहून ठेवणार, बूटला फक्त ती जुळते का बघणार, नाही जुळली तर मेसेज देऊन थांबणार.

जुनाखोड: उद्या कोणी पार्टिशन परत फॉरमॅट केलं तर?

कोरासेक्टर: तर थांबेल. चुकीचं वाचण्यापेक्षा ते बरं.

नवाकर्नल: मग यूयूआयडी (फाइलसिस्टमचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पण लिहून ठेव, ईएक्सटीचा ११२८ वर असतो, १६ बाइट. डिस्कचा क्रम बदलला तरी पार्टिशन सापडेल.