घरून चालत जायच्या बागा – तुमचे अनुभव

रुई
काल भाचीला घेऊन एरंडवण्यातल्या कमला नेहरू पार्कात गेले. चपला भिरकावून ती वाळूत बसली आणि "मी घरी येणारच नाही" असं जाहीर करून मोकळी झाली. माझंही हेच असायचं. मग आई म्हणायची, "बरं, बस. मी एकटीच भेळ खाते," आणि खरंच फाटकाकडे चालू पडायची! काल बाकावर एक आजोबा शेजारच्या आजोबांना अख्खा पेपर मोठ्यानं वाचून दाखवत होते, निधनवार्तांसकट. मोठ्या सहलीच्या बागा नकोत, रोजच्या सांगा.

बंड्या_गिरगाव
म्हातारीचा बूट!! बुटाच्या आकाराच्या त्या घरात चढायला रांग, आणि वर गेलेली पोरं खाली उतरायचं नाव काढत नाहीत. समोरच हँगिंग गार्डन, त्याच्याखाली पाण्याची टाकी आहे हे कळल्यावर मी हिरवळीवर दबकत चालायचो. पण चालत? मलबार हिलला राहता होय!

रुई
अहो, एरंडवणे लिहिलंय. पुण्यातलं कमला नेहरू पार्क, तुमचं मुंबईचं नव्हे. आमच्याकडे बूट नाही.

कढीपत्ता
बूट नाही, पाट्या आहेत 😄

शेवंता७
फुलराणी, ती छोटी झुकझुकगाडी, कुणीच कशी नाही आणली अजून? १९५६ पासून धावतेय पेशवे पार्कात. आम्ही शनिवार पेठेतून चालत जायचो. बोगदा आला की सगळा डबा एका सुरात किंचाळणार, माझे बाबा सर्वांत जास्त. ऑफिसात म्हणे फार कडक होते. तिथले प्राणी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले तेव्हा धाकट्याला वाटलं वाघ फुलराणीत बसून गेले.

कढीपत्ता
तिकीट काढलं होतं का वाघांनी?

आर्याची_आई
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आमच्याकडची बाग सकाळी साडेदहाला बंद, ती थेट साडेचारला उघडते. लेक उठते दहाला. सगळं आवरून पोचेपर्यंत वॉचमनकाका साखळी लावत असतात. ती कुलपाला हात जोडून "काका पीज" म्हणते. काकांनाही वाईट वाटतं, पण नियम. तान्ह्या बाळांच्या आयांनी दुपारी जायचं कुठं? मॉलमध्ये?

शेवंता७
अगदी गं. आणि संध्याकाळी गेलं तर झोपाळ्यावर दहावीतली मुलं मोबाइल घेऊन बसलेली.

मिरजेचीपाहुणी
सांगलीची आमराई. माहेरी गेले की पहाटे आधी तिथे. चालणाऱ्यांचे गट ठरलेले, जागा ठरलेल्या, वादही ठरलेले. एक काका रोज उलट्या दिशेनं चालतात म्हणजे समोरून येणाऱ्या प्रत्येकाला "काय, कधी आलीस?" विचारता येतं. माझ्या सासरची सगळी बातमी त्यांना माझ्या आईआधी असते.

एडिसनकर
इथे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला, रूझवेल्ट पार्क आहे. सासूबाई आल्या तेव्हा पहिला आठवडा "माणूस दिसत नाही" म्हणून रडवेल्या. मग तळ्याकाठी एक गुजराती मावशी भेटल्या. यांना गुजराती येत नाही, त्यांना मराठी. परतीच्या दिवशी मावशींनी थेपल्यांचा डबा विमानतळावर पोचवला. माझ्याशी त्या आजही फारशा बोलत नाहीत. मावशी, सासूबाई नव्हे. सासूबाई फार बोलतात.

नवखा_बाबा
सिंहगड रोडवाले आहेत का कुणी? पु. ल. देशपांडे उद्यानात दीड वर्षाच्या मुलाला न्यावं का?

शेवंता७
न्या की. २००६ पासूनचं आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर. झोपाळे-घसरगुंडी शोधू नका, हिरवळ आणि मासे पाहायचे. पाण्याच्या कडेला मात्र पोराचं बोट सोडू नका, माझा पुतण्या माशाला बिस्कीट द्यायला निम्मा वाकला होता. खायचं आत नेऊ देत नाहीत, तो पुडा खिशातून गेला होता.

नवखा_बाबा
धन्यवाद. डास?

आर्याची_आई
संध्याकाळी असतातच. फुल पँट घाला.

कढीपत्ता
कडुनिंबाचं तेल खोबरेलात मिसळून लावा.

बंड्या_गिरगाव
नुसतं नका लावू हां. आमच्या हिनं मला लावलं होतं. लोकलमध्ये खिडकीची सीट मिळाली, शेजारी कुणी बसेना.

आर्याची_आई
कुठल्या ब्रँडचं ते? कुकर झाला, येतेच.