चर्चा: घरच्या एसयूव्हीमागे कॅम्पर ट्रेलर झेपतो का?

फ्रीमाँटकर
उन्हाळा आला की आपल्या बे एरियातल्या मंडळींना कॅम्पर ट्रेलरचे, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या खोलीचे, वेध लागतात. टोयोटाची हायलँडर हायब्रिड 3500 पौंड ओढते, ट्रेलर भरून 3000 चा, मग अडचण काय, असं गणित सर्रास ऐकतो. माझं मत स्पष्ट आहे: पोरंबाळं आणि आईबाबा गाडीत असतील तर या फंदात पडू नका.

अडतं ते बसणाऱ्यांच्या वजनावर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते सांगणारा. समजा 1400 पौंड. पाच माणसांचे 750 गेले. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या आकड्यावर, येणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के, म्हणजे 300 ते 450, तोही याच 1400 मधून वजा. उरले दोनशे ते साडेतीनशे. त्यात कूलर, तंबू, छतावरची पेटी आणि आईचं अर्धं स्वयंपाकघर. ओढण्याची क्षमता एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या ज्या पद्धतीने मोजतात, तीत गाडीत 150-150 पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. हे शोरूममध्ये कोण सांगतं?

गाडीवान
इतकं घाबरून कसं चालेल? ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो, भरलेली गाडी आणि ट्रेलर त्यावर चढवा, आकडा कागदावर मिळतो. ट्रेलरच्या टाकीत पाणी भरून निघू नका. 30 गॅलन म्हणजे 250 पौंड, ते कॅम्पग्राउंडवर भरा. युरोपात लोक साध्या स्कोडा कारमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे तिकडचा कॅम्पर ट्रेलर, लावून आल्प्स ओलांडतात.

शंकासुर
जर्मनीत कॅरॅव्हॅनला एरवी ताशी 80 किलोमीटर, अटी पाळून परवाना घेतला तर 100. वेग कमी म्हणून तिकडे हिचवर कमी भार चालून जातो. कॅलिफोर्नियात ट्रेलरला ताशी 55 मैलांची मर्यादा आहे खरी, पण आय-5 महामार्गावर ती पाळणारा मला दाखवा. हिचवरचा भार कमी आणि वेग 70 मैल, की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो.

माई
आणि तो हलला की सगळे घाबरून करकचून ब्रेक दाबतात. नेमकं तेच करायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर (गाडीतून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायची कळ) असेल तर तो हाताने हळूच दाबायचा. इथे 1500 पौंडांपासून कॅम्पर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. भाड्याने घेताना ते चालतात का, जोड सुटला तर ट्रेलर धरून ठेवणाऱ्या साखळ्या त्याच्या दांड्याखालून फुलीसारख्या अडकवल्यात का, एवढं तरी बघा. लायसन्स मात्र साधंच चालतं, याचं मला आश्चर्य वाटतं.

गाडीवान
माई, अगदी बरोबर. म्हणून तर म्हणतो, शिकून घ्या. रिकाम्या पार्किंगमध्ये एक सकाळ रिव्हर्स घ्या. योसेमिटीला हायवे 120 ने जाताना ओल्ड प्रीस्ट ग्रेड या खड्या चढाच्या रस्त्याचा मोह नको, न्यू प्रीस्ट ग्रेड लांबचा पण सौम्य आहे. परतीच्या उतारावर गिअर आधीच खाली आणा. आणि वजन फारच होत असेल तर आईबाबांना दुसऱ्या गाडीतून आणा.

फ्रीमाँटकर
दुसरी गाडी, दुप्पट गॅस, वर ट्रेलरचं भाडं. अहो, मग केबिनच स्वस्त पडली की!