चर्चा : नाताळचं जेवण दिलं की बोनस दिला असं होतं का? (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

समुद्रकाठ

डिसेंबर उजाडला की देवबाग-तारकर्लीपासून गुहागर-गणपतीपुळ्यापर्यंत हॉटेलांच्या मागच्या दारी एकच विषय असतो, यंदा स्टाफला काय मिळणार? बऱ्याच ठिकाणी उत्तर ठरलेलं. एक रात्रीचं जेवण, केक, थोडं नाचगाणं, आणि जाताना हातात मिठाईचा पुडा नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. त्यालाच बोनस म्हणायचं.

मला हे मान्य नाही. २५ माणसांचा स्टाफ धरा. कोंबडी-वडे ठेवले तर माणशी २०० ग्रॅमप्रमाणे ५ किलो कोंबडी, माणशी ४ म्हणजे १०० वडे, सोलकढीला ५-६ नारळ, भात, एखादं गोड. माणशी ३५० रुपये धरले तरी ८,७५० रुपयांत काम भागतं. त्याच २५ जणांना कायद्याने किमान बोनस द्यायचा तर रक्कम लाखांत जाते. या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी ठेवताच येत नाहीत.

दुसरं म्हणजे दिवस. २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा किनाऱ्यावरचा सगळ्यात जड आठवडा. १२ खोल्यांच्या हॉटेलात एखाद्या दिवशी सगळे पाहुणे बदलले, तर एका खोलीला ४० मिनिटं धरून हाउसकीपिंगच्या एका माणसाचे ८ तास होतात. झाडणं, चादरी, उशांचे अभ्रे, बाथरूम, वाळू काढणं. वाळूला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण ती बाथरूमच्या जाळीत बसते आणि पाणी तुंबतं. सकाळी १० ला खोली सुटते, १ वाजता नवा पाहुणा दारात उभा. त्या माणसाला रात्री साडेदहाला 'चला पार्टी' म्हणणं हा सन्मान नाही. त्याला झोप हवी आणि खात्यात पैसे हवेत.

माडाची सावली

हॉटेलमालकाची बाजू मांडतो. तुमचं गणित २५ माणसांचं आहे. इथली बहुतेक घरगुती निवासस्थानं आणि छोटी हॉटेलं ६ ते १० माणसांवर चालतात. बोनसाचा कायदा २० किंवा जास्त माणसांच्या जागेला आहे, तो तिथे लागूच होत नाही. तिथे जे दिलं जातं ते मालक मनापासून, स्वतःहून देतो.

आणि पैसा कधी येतो ते बघा. २६ मेच्या सुमारास समुद्रातले खेळ बंद होतात, ते ऑगस्टअखेरपर्यंत. जून, जुलै, ऑगस्टमध्ये खोल्या रिकाम्या, पण आचारी आणि दोन-तीन कायम माणसांचे पगार चालूच. पत्रे, जनरेटर, खाऱ्या हवेने गंजलेले एसी, सगळी दुरुस्ती त्याच काळात. गणपतीत पर्यटक नाही, दिवाळीत थोडे दिवस. हातात रोख येते ती नाताळात आणि पुढे मेमध्ये. मग मालकाने डिसेंबरअखेर दिलं तर त्यात वावगं काय?

जेवणाला इतकं कमी लेखू नका. स्वयंपाकघर, रिसेप्शन आणि बोटीवरची माणसं वर्षभर एका पंगतीला बसत नाहीत. आचाऱ्याला कोणीतरी वाढलं, त्याने बसून खाल्लं, याचा परिणाम पुढच्या सीझनला माणूस टिकण्यावर होतो.

हिशेबाची वही

पंगतीबद्दल वाद नाही. तारखेबद्दल आहे. दोघांनीही एक गोष्ट वगळली.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांत बोनस द्यायचा, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने 'नाताळचा बोनस' म्हणून २५ डिसेंबरला दिलेली रक्कम कायद्याच्या बोनसात धरली, तर तो उशिरा दिलेला बोनस झाला. नाताळला द्यायचं ते वेगळं बक्षीस म्हणून द्या.

आता रक्कम. १९६५ चा बोनस कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे, पण गाभा तोच : किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के, आणि वर्षात किमान ३० दिवस काम. ८.३३ म्हणजे बारावा भाग, हिशेबाला धरलेल्या पगाराचा एक महिना. जुन्या कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने पात्रतेची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये केली, आणि हिशेब ७,००० रुपये किंवा त्या कामाचं किमान वेतन, यांत जास्त असेल त्यावर करायचा असं ठरवलं.

चूक नेमकी इथे होते. अर्धे हिशेबनीस डोळे झाकून ७,००० धरतात. समजा किमान वेतन ११,५०० आहे आणि माणसाचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १२,०००. ७,००० वर काढला तर वर्षाचा बोनस ६,९९७ रुपये. योग्य हिशेबाने ११,५०० वर ११,४९५ रुपये. माणशी साडेचार हजारांचा फरक. समुद्रकाठ यांच्या २५ माणसांना या दराने २,८७,३७५ रुपये होतात.

सीझनच्या माणसाबद्दलही गैरसमज आहे. ऑक्टोबर ते मे असे ८ महिने काम केलेला पात्र नाही असं सांगितलं जातं. तो पात्र आहे. ८ महिन्यांचे ९२,०००, त्याचे ८.३३ टक्के म्हणजे ७,६६४ रुपये. 'मध्येच सोडून गेला, बोनस बुडाला' हेही चूक. फसवणूक, चोरी, अफरातफर, कामाच्या जागी मारामारी किंवा घातपात अशा कारणांनी काढून टाकलेल्याचाच बोनस जातो. नव्या संहितेत लैंगिक छळाच्या दोषसिद्धीची भर पडली आहे. राजीनामा या यादीत नाही. तोटाही नाही, किमान बोनस तोट्यातल्या वर्षीही द्यावा लागतो. सूट आहे ती नव्या धंद्याला : पहिली ५ वर्षं, नफा झाला त्याच वर्षाचा बोनस.

काजूबोंड

हॉटेलांवर सगळी चर्चा नेऊ नका. वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी भागात काजू सोलणाऱ्या हजारो बायका आहेत आणि त्यांची मजुरी किलोवर आहे. त्यांना सांगतात, 'तुम्ही अंगावर काम घेणाऱ्या, तुम्हाला कसला बोनस?' किलोच्या दराने मिळालेली वर्षाची मजुरी ही मजुरीच. तिची बेरीज करा, टक्केवारी लावा. यासाठी रोजच्या वजनाची नोंद बाईच्या हातातल्या कार्डावर हवी. ती नुसती कारखान्याच्या वहीत असते, आणि तुकडा किंवा करपलेला गर वेगळा काढून वजन घटवलेलं असेल तर वर्षाअखेर भांडायला हातात काहीच नसतं.

आणखी एक पळवाट. एकाच आवारात नवऱ्याच्या नावाने एक, बायकोच्या नावाने दुसरा उद्योग, प्रत्येकी १८ माणसं. कायदा एकाच आस्थापनेच्या शाखा आणि विभाग एकत्र मोजतो. वेगळे धरायचे तर ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक खरोखर वेगळं लागतं. फक्त फलक वेगळा लावून भागत नाही.

पार्टीचं म्हणाल तर या बायकांची मागणी एका वाक्यात आहे : 'चवथीक पैशे हातात होये', म्हणजे गणेशचतुर्थीला पैसे हातात हवेत. गणपतीवर बांधायची माटवी, पंचखाद्य, घरातल्या पोरांना कपडे, मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचं जेवणखाण, कोकणातल्या घराचा वर्षाचा मोठा खर्च भाद्रपदात होतो. तो उचल घेऊन भागवायचा आणि बोनस येईपर्यंत फेडत बसायचं, हे चक्र थांबवता येतं.

हिशेबाची वही

थांबवता येतं, आणि मालकाला जादा पैसा न घालता. सणाला रूढीने दिलेला किंवा अंतिम हिशेबाआधी दिलेला बोनस पुढच्या देय रकमेतून वळता करण्याची तरतूद आहे. फक्त व्हाउचरवर काय लिहिता ते महत्त्वाचं. 'उचल' लिहिलं तर ते कर्ज, पगारातून कापलं जाईल. 'अमुक वर्षाच्या बोनसापैकी आगाऊ रक्कम, रुपये ५,०००' असं लिहून सही घ्या. ११,४९५ पैकी ५,००० चतुर्थीच्या आठवडाभर आधी, उरलेले ६,४९५ दिवाळीच्या आत. ३० नोव्हेंबर पाळला जातो आणि घरचा गणपतीही.

पैसे बँकेतूनच द्या. पाकिटातून दिलेल्या रकमेवरचे वाद मिटत नाहीत.

नेवरी

या सगळ्यात ज्यांचा नाताळ हा खरोखर सण आहे त्यांचं कोणी बोललं नाही. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी भागात ख्रिस्ती कुटुंबं कमी नाहीत, आणि हॉटेलांत आचारी, बेकरी, संगीत या कामांत त्यांची माणसं असतात. २४ च्या रात्री चर्चमध्ये मिस्सा म्हणजे प्रार्थना, २५ ला घरी पाहुणे. नेमके तेच दोन दिवस रजा बंद. घरात नेवऱ्या (करंज्या), दोदोल असे नाताळचे गोड पदार्थ करायला घेतात ते आठवडाभर आधी, म्हणजे पैसेही १५ डिसेंबरच्या आत लागतात. केक कापून 'मेरी ख्रिसमस' म्हणणाऱ्या मालकाने त्याच माणसाला त्या रात्री भट्टीपाशी उभं करायचं, हे मनाला लागतं.

आगाऊ बोनसाची तारीख माणसाला निवडू द्या. एप्रिलमध्ये एक कागद फिरवायचा : चतुर्थी, दिवाळी, ईद, नाताळ. ज्याने नाताळ निवडला त्याला ३० नोव्हेंबरच्या आत पूर्ण रक्कम मिळतेच, ती त्याच्या कामाला येते. ईद दरवर्षी सरकते, तिचं गणित त्या त्या वर्षी करावं लागेल.

आणि सामिष पार्टी ठेवणाऱ्यांनी पंचांगही बघावं. डिसेंबरचा बराच भाग मार्गशीर्षात येतो. गुरुवारचं व्रत करणाऱ्या बायका पुष्कळ, काही घरांत महिनाभर मासे-मटण शिजत नाही. मग पंगतीत अर्धी माणसं भात आणि सोलकढीवर उठतात. त्यातच गावोगावच्या जत्रा आणि दशावतार याच दिवसांत, त्यामुळे रात्री माणूस थांबायलाही तयार नसतो.

माडाची सावली

हे पटलं. जेवण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेबारा ते साडेतीन, मधल्या वारी. रात्री ठेवलं की शेवटची एसटी चुकते आणि बायकांना घरी सोडायला गाडी शोधावी लागते. दुपारी लाउडस्पीकरच्या रात्री १० च्या मर्यादेचाही प्रश्न येत नाही. दारूचा खर्चही वाचतो आणि दुसऱ्या दिवशीची भांडणंही. वाढप मालकाच्या घरच्यांनी करावं.

पण २० पेक्षा कमी माणसांच्या जागी एक सूत्र सुचवतो. नाताळच्या ९ रात्री, १२ खोल्या, म्हणजे १०८ खोली-रात्री. नेहमीपेक्षा खोलीमागे १,५०० रुपये जादा मिळाले तर वरची मिळकत १,६२,००० होते. तिचे १० टक्के, १६,२०० रुपये ९ माणसांत सारखे वाटा, माणशी १,८००. आकडा नोटीस बोर्डावर लावायचा. ज्याने ९ दिवस पूर्ण हजेरी दिली त्यालाच.

समुद्रकाठ

बोर्डावर आकडा लावायची तयारी असेल तर मी तुमच्या बाजूने येतो. किती मिळालं यापेक्षा कशावरून ठरलं हे न कळल्याने माणसं जास्त दुखावतात. पण १० टक्के फार कमी आहेत. त्या जादा दराचं सगळं ओझं चादरी बदलणाऱ्यावर आणि आचाऱ्यावर पडतं. १५ टक्के धरले तर माणशी २,७०० होतात. आणि ठरलेल्या तासांवर काम झालं तर जादा तासांचा दुप्पट दर वेगळा द्यायचा, तो या रकमेत मिसळायचा नाही.

टिपांची पेटीही याच कागदावर आणा. पाहुणा पैसे देतो वाढणाऱ्याला, मासा साफ करणारी आणि खोली झाडणारा कोरडेच राहतात. पेटी दर रात्री दोघांसमोर उघडून मोजायची आणि आठवड्याने सगळ्यांत वाटायची.

माडाची सावली

१५ टक्क्यांत वीजबिल आणि जनरेटरचं डिझेल धरलेलं नाही. डिझेल वजा करून उरलेल्या रकमेवर १५ टक्के मान्य. पेटी मान्य. पूर्ण हजेरीची अट मात्र सोडणार नाही, २८ तारखेला माणूस गायब झाला की उरलेल्या आठ जणांचे हाल होतात.

नेवरी

मग पूर्ण हजेरी म्हणजे ९ पैकी ८ दिवस असं लिहा, आणि सुटलेला एक दिवस महिनाभर आधी कळवलेला असावा. ख्रिस्ती माणूस २५ घेईल, ज्याच्या गावची जत्रा त्या आठवड्यात पडते तो ती घेईल. २४ च्या रात्रीची पाळी दहाला सोडता आली तर मिस्सा मिळते. भट्टीवर बदली कोण, ते १ डिसेंबरलाच बोर्डावर लावून टाका.