१८०३ : लढाया वऱ्हाडात, मग इंग्रजांनी कटक का घेतले?

प्रश्न – तेल्हारेकर
आमचे शेत अडगाव-सिरसोलीच्या शिवारात आहे. येथेच दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडदळ यांचा इंग्रज सेनापती ऑर्थर वेलस्लीने पराभव केला. १५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला आणि १७ तारखेला त्यांच्याशी देवगावचा तह झाला. त्यात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख इंग्रजांनी निजामाच्या पदरात टाकला, स्वतः मात्र दूरचे, ओडिशातील कटक आणि बालेश्वर बंदर घेतले. वऱ्हाडची काळी जमीन सोडून किनाऱ्याची पट्टी कशासाठी?

उत्तर – अचलपूरवासी
ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख तेव्हा दक्षिणेकडून गंजामपर्यंत आणि उत्तरेकडून मेदिनीपूरपर्यंत आला होता. मधली पट्टी १७५१ पासून नागपूरकर भोसल्यांकडे असल्यामुळे कलकत्ता आणि मद्रास यांच्यामधील खुष्कीची डाक व फौज भोसल्यांच्या मर्जीवर अवलंबून असे. म्हणूनच वेलस्ली दख्खनमध्ये लढत असतानाच दुसरी फौज गंजामहून निघाली आणि १४ ऑक्टोबरला, म्हणजे अडगावच्या दीड महिना आधी, कटकचा किल्ला तिने घेतला. आपण अडगावला निर्णायक समजतो, हा काहीसा आपला वऱ्हाडी अभिमान आहे. निजामाला वऱ्हाड देण्यात इंग्रजांचे फारसे काही जात नव्हते, आणि दोस्त मात्र बांधला जात होता.

उत्तर – मेळघाटचा वाटसरू
वरील मत मान्य आहे, परंतु रसदीचा प्रश्न वऱ्हाडातही तितकाच बिकट होता. वेलस्लीचे सैन्य म्हैसूरच्या बैलांवर आणि धान्याच्या गोणी वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यांवर चालत होते; तांडा दुसरीकडे वळला, तर जिंकलेली फौजही उपाशी राहिली असती. गाविलगडावर उत्तरेकडून मारा करण्यासाठी वेलस्लीचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याच्या लोकांनी डोंगरातून स्वतः वाट काढली आणि जड तोफा बहुतांशी हातांनी ओढत नेल्या. चिखलदऱ्याचा घाट आज मोटारीने चढतानाही पोटात गोळा येतो, त्यावरून त्या डिसेंबरची कल्पना करावी.

उत्तर – तेल्हारेकर
आभारी आहे. मग होळकर सोबत असते, तर चित्र बदलले असते काय?

उत्तर – अचलपूरवासी
बदलण्याची शक्यता होती. यशवंतराव होळकर उत्तरेकडील आणि खानदेशातील वाटांवर घोडदळ घालू शकले असते. पण वर्षभरापूर्वीच, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हडपसरला त्यांनी पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला होता, त्यामुळे परस्परांवर विश्वास उरला नव्हता. १८०४ मध्ये ते इंग्रजांशी लढले, तेव्हा शिंदे इंग्रजांशी केलेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने बांधले गेले होते.

उत्तर – मेळघाटचा वाटसरू
एक बाब राहिली. देवगावच्या तहात गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले आणि त्यांच्या लगतचा चार लाखांच्या उत्पन्नाचा मुलूखही सोबत दिला गेला. खालच्या गावांचे धान्य वर पोहोचले नाही, तर गडावर शिबंदी ठेवता येत नाही, हे तह लिहिणाऱ्या दोन्ही बाजूंना ठाऊक होते.