मदत हवी आहे: खपली किंवा आइनकॉर्न गहू मला सोसेल का?

रानफूल: गहू पोटात गेला की तासाभरात पोट टम्म. काल कमरेचा पट्टा दोन भोकं सैल करावा लागला. जुने गहू सोसतात म्हणे. खपली घेऊ की आइनकॉर्न? फक्त नाव सांगा, घाईत आहे.

चौकस: कधीपासून होतंय? जुलाब, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी? सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी झाली का? (ग्लुटेन, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनामुळे आतडं बिघडतं, तो हा आजार.)

ओंबी: डोळे झाकून खपली घ्या. तीन वर्षं तीच खातेय, पोट हलकं राहतं. कणीक ताणायला गेलं की तुटते, इतकं ग्लुटेन कमी.

चौकस: ओंबीताई, कणीक तुटते ती ग्लुटेन कमी म्हणून नाही. खपलीत ते आताच्या गव्हाएवढं, कित्येकदा जास्तच असतं. ग्लुटेनचे दोन मुख्य घटक, ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन; खपलीत ग्लायाडिनच्या मानाने ग्लुटेनिन कमी, म्हणून बंध कच्चा. आणि सिलिअ‍ॅकमध्ये मुख्य वैरी ग्लायाडिनच.

ओंबी: मग मला बरं वाटतं ते खोटं का? आइनकॉर्नची गुणसूत्रं 14, खपलीची 28, पावाच्या गव्हाची 42. ग्लायाडिनमधला 33 अमिनो आम्लांचा त्रासदायक तुकडा पावाच्या गव्हातल्या 'डी' जनुकसंचातून येतो. खपलीत तो संचच नाही.

चौकस: खोटं कोण म्हणतंय? पण स्पेल्ट या गव्हालाही प्राचीन म्हणतात आणि त्याची गुणसूत्रं 42च. शिवाय तो एक तुकडा नसला तरी बाकीचे आहेतच. सिलिअ‍ॅक असेल तर सगळेच गहू वर्ज्य.

लोंबी_७: मूळ बदल बुटक्या वाणांचा. बुटका गहू आणणारे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांना 1970 चं नोबेल मिळालं ते त्याच कामाचं. भूक भागली हे मान्यच. पण इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून चाललेल्या प्रयोगातले जपून ठेवलेले दाणे तपासले, तेव्हा 1960 च्या दशकाच्या मध्यापासून जस्त, लोह, मॅग्नेशियम घटत गेलेलं दिसलं.

गोडबोल्या: मधुमेहात वाणापेक्षा दळण बघा. कोंडा काढलेलं बारीक पीठ, मग ते कुठल्याही गव्हाचं असो, साखर भराभर चढवतं.

रानफूल: मला मधुमेह नाहीये! सिलिअ‍ॅकची तपासणी गेल्या आठवड्यात झाली, नॉर्मल आली. गहू दोन महिन्यांपूर्वीच सोडलाय, काल बाहेर नाइलाजाने खाल्ला. सिलिअ‍ॅक बहिणीला आहे, पण तिचं पोट कधी दुखलं नाही, नुसता अशक्तपणा होता. म्हणून लिहिलं नाही.

चौकस: अहो, हेच आधी सांगायला हवं होतं! गहू बंद केला की त्या तपासणीत मोजतात ती टीटीजी प्रतिपिंडं उतरत जातात, त्यामुळे त्या नॉर्मलवर विसंबू नका. सख्ख्या भावंडांत साधारण 10 पैकी एकाला हा आजार निघतो. लक्षणं बहिणीसारखीच हवीत असं मुळीच नाही. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. बहुधा काही आठवडे पुन्हा गहू खायला लावून तपासतील, सोबत एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) सुद्धा.

आंबवण: सिलिअ‍ॅक नाही निघालं तर फ्रुक्टनचा विचार करा. गव्हातली ही साखरेची साखळी आतड्यात आंबते आणि पोट फुगतं. पीठ चार तासांहून जास्त आंबवलं की ती बरीच मोडते. घाईने तासाभरात फुगवलेला पाव सगळ्यांत वाईट, मग गहू जुना असो की नवा.

रानफूल: म्हणजे मुद्दाम खायचं? किती? खपली पाच किलो आणून ठेवलीय.

चौकस: प्रमाण डॉक्टरच ठरवतील, स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

रानफूल: बरं. डबा वर ठेवून देते. सकाळी फोन लावते.

ओंबी: रानफूल, सिलिअ‍ॅकचं मला खरंच माहीत नव्हतं. निकाल आला की इथे नक्की कळवा.