कोरोनानंतर शुक्राणू कमी आले, परत वाढतात काय?

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, वय 31, घरी पाच एकर कपाशी-तूर. एप्रिल 2021 मध्ये कोरोना झाला, सहा दिवस 103 ताप. जूनमध्ये यवतमाळले वीर्य तपासलं. मिलिलिटरमागं 90 लाख निघाले, दीड कोटीच्या वर पाहिजे म्हणतात. लग्नाले तीन वर्षं झाले. आजवर घरचे बायकोलेच दवाखान्यात नेत होते, मले कोणी तपास म्हटलं नाई. हे कोरोनानं झालं काय? अन् लस घेऊ की नको? पारावर म्हणतात, लसीनं माणूस बाद होते.

लॅबवाला, वर्धा
भाऊ, आधी तारीख पाहा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे जूनचा नमुना एप्रिलच्या तापातला. वृषण शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड लागतात. 103 तापात तिथलं काम बिघडतं, ताप टायफॉइडचा असला तरी. शिवाय कोरोनाचा विषाणू पेशीवरच्या ज्या एसीई-2 नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो, ते वृषणातही असतं. बहुतेकांचे आकडे काही महिन्यांत सुधारतात. ऑगस्टअखेर परत तपासा, 2 ते 7 दिवस संबंध टाळून. पण तीन वर्षं दिवस गेले नाहीत, ते कोरोनाच्या आधीपासूनचं आहे. वृषणाच्या शिरा फुगल्यात काय, तेही डॉक्टरांकडून पाहून घ्या.
लस बिनधास्त घ्या. अमेरिकेत मायामीला 45 पुरुषांचं वीर्य लसीआधी आणि दोन डोसनंतर तपासलं, शुक्राणू घटले नाहीत.

दिग्रसकर
खर्रा खाता काय? तंबाखूनं शुक्राणू मार खातात. अन् फवारणी उघड्या अंगानं करू नका. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, माह्या गावचा सालदार तेव्हा आठ दिवस दवाखान्यात होता. पोटरीले कापड बांधलं तरी औषध अंगात मुरते, पूर्ण कपडे, हातमोजे, मास्क घाला.

मूळ प्रश्नकर्ता
खर्रा दिवसाले चार होते, परवापासून एकावर आणला. लसीसाठी उद्या आरोग्य केंद्रात जातो. काल मायले सांगितलं, कमी माह्यात निघाली, सुनेले आता नवस-गंडे नको. ती बराच वेळ गप्प बसली, मग विचारलं, “तुले काही दुखते काय रे?” शिरांचं डॉक्टरले विचारतो. ऑगस्टचा रिपोर्ट आला की इथंच टाकतो.