मदत हवी आहे: जुन्या डीएसपी बोर्डवर मोर्सचा फिल्टर

नमस्कार मंडळी. पुण्याच्या जुन्या बाजारात मोटोरोलाचा डीएसपी५६००२ ईव्हीएम बोर्ड मिळाला, म्हणजे डीएसपी (आवाजासारख्या सिग्नलवर झटपट गणित करणारा प्रोसेसर) वापरून बघण्यासाठीचा चाचणी बोर्ड. नव्वदच्या दशकातला, पण भंगारात घालवण्यासारखा नक्कीच नाही. २४ बिटांचा प्रोसेसर, शेजारी सीएस४२१५ कोडेक (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी चिप). म्हणजे आवाज आत घ्यायची आणि बाहेर काढायची सोय बोर्डवरच. रात्री हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर मोर्स (टिंब-रेघांचे संदेश) ऐकताना बाजूची स्टेशनं अंगावर येतात, म्हणून रिसीव्हर आणि हेडफोनच्या मध्ये ७०० हर्ट्झभोवती ३०० हर्ट्झ रुंदीचा फिल्टर बसवायचाय. गणित जमतं: ४० मेगाहर्ट्झला सेकंदाला २ कोटी सूचना, ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने) धरलं तर प्रत्येक सॅम्पलमागे २५००. दोनशे टॅपचा एफआयआर (शेवटच्या दोनशे नमुन्यांना गुणून बेरीज करणारा फिल्टर) आरामात बसेल.

अडलंय ते डीबगरपाशी, म्हणजे पीसीवरून बोर्डवर कोड चढवून तपासायच्या प्रोग्रामपाशी. तो डॉसवरचा. लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नाही, म्हणून यूएसबी-ते-सिरीयल वायर लावून डॉसबॉक्समधून (आजच्या पीसीवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवला. बोर्डवरचा दिवा लागतो, पण जोडणी होतच नाही. टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची तार) अदलाबदल करून पाहिलं, वेगही तपासला.

कुणी असं जमवलंय का? की खरा सिरीयल पोर्ट असलेला जुना पीसीच लागेल? पुण्यात कुणाकडे असेल तर सांगा, बोर्ड घेऊन तासाभरासाठी येतो. चाललं की फिल्टरचा कोड सगळ्यांना देईन.